सहा दिवसांची स्पर्धा, चौदा दिवसांचं कुलूप: सार्वजनिक क्रीडा केंद्र राखून ठेवण्याचं एक प्रकरण

एक सार्वजनिक क्रीडा केंद्र घेऊ. मुख्य हॉल ३६ मीटर रुंद, ३४ मीटर लांब, छत १२ मीटर उंच. रोजच्या वापरात इथे ८ बॅडमिंटन कोर्ट आखलेली असतात. शेजारच्या छोट्या हॉलमध्ये ३ कोर्ट आहेत. त्याच इमारतीत जलतरण तलाव आणि व्यायामशाळा आहे. सकाळी ७ ते रात्री ११, आठवड्याचे सातही दिवस केंद्र उघडं असतं. केंद्र नमुन्याचं आहे, म्हणून त्याला नाव दिलेलं नाही. मोजमापं मात्र अशा केंद्रांत सहज सापडतील अशीच घेतली आहेत.

बॅडमिंटन संघटनेचा अर्ज येतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, मंगळवार ते रविवार असे सहा दिवस. दोन्ही हॉल बुधवारपासून पुढच्या पुढच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे सलग चौदा दिवस हवेत. केंद्राच्या व्यवस्थापनापुढे दोनच वाटा असल्यासारखं वाटतं: होकार किंवा नकार. खरं काम त्या दोघांच्या मधल्या जागेत आहे आणि ते कोर्ट-तास मोजण्यापासून सुरू होतं.

दिवस सोडा, कोर्ट-तास मोजा

एक कोर्ट एक तास म्हणजे एक कोर्ट-तास. मुख्य हॉलचे रोजचे ८ गुणिले १६, म्हणजे १२८ कोर्ट-तास. छोट्या हॉलचे ४८. दोन्ही मिळून १७६. चौदा दिवसांची मागणी मान्य केली, तर लोकांचे २,४६४ कोर्ट-तास जातात.

पण मंगळवारी दुपारी दोनचा तास आणि शनिवारी सकाळी नऊचा तास सारखे नसतात. म्हणून गर्दीचे तास वेगळे काढायचे. या केंद्रात कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ ते १० हे चार तास आणि शनिवार-रविवारी सकाळी ८ ते रात्री १० हे चौदा तास गर्दीचे धरले आहेत. मागितलेल्या चौदा दिवसांत कामाचे दिवस दहा आणि सुट्टीचे चार. एका कोर्टाचे गर्दीचे तास ४० अधिक ५६, म्हणजे ९६. अकरा कोर्टांचे १,०५६. नोकरी करणाऱ्या माणसाला खेळायला जी वेळ मिळते ती एवढीच, आणि निर्णय या आकड्याकडे बघून घ्यायला हवा. 'एकूण किती दिवस बंद' हा आकडा फलकावर लिहायला सोपा आहे, पण कोणाचं किती गेलं ते त्यातून कळत नाही.

स्पर्धा छोटी आणि बंद मोठा, हे सगळीकडेच घडतं. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत हॅम्पडन पार्क या फुटबॉल मैदानावर चबुतरा उभारून वर धावपट्टी घातली होती. अ‍ॅथलेटिक्स चाललं आठवडाभर. तिथे नेहमी खेळणाऱ्या क्वीन्स पार्क क्लबला मात्र २०१३-१४ चा हंगाम एअरड्रीच्या मैदानावर काढावा लागला. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या स्पर्धा ऑगस्टमध्ये संपल्या, आणि त्यांच्यासाठी बांधलेलं सँडवेलचं जलतरण केंद्र लोकांसाठी उघडलं ते २०२३ च्या जुलैमध्ये. आपल्या नमुन्याच्या केंद्रात प्रमाण लहान आहे, पण दुखणं तेच.

स्पर्धेला खरोखर किती जागा लागते

पाच प्रकार (पुरुष आणि महिला एकेरी, पुरुष आणि महिला दुहेरी, मिश्र दुहेरी), प्रत्येकात ३२ जणांचा किंवा ३२ जोड्यांचा ड्रॉ. बाद पद्धतीत प्रत्येक प्रकाराचे ३१ सामने, एकूण १५५. पहिल्या फेरीत ८०, दुसरीत ४०, उपउपांत्य २०, उपांत्य १० आणि अंतिम ५. पात्रता फेरी असेल तर ते सामने वेगळे. ते मंगळवारी सकाळी उरकावे लागतात.

पहिल्या फेरीचे ८० सामने मंगळवार-बुधवारमध्ये वाटले, की दिवसाला ४० होतात. चार कोर्टांवर प्रत्येकी दहा. एका सामन्याला सरासरी ५० मिनिटं धरली तर सव्वाआठ तासांच्या वर. तीनच कोर्ट ठेवली तर हेच अकरा तासांच्या पुढे जातं. त्यात दोन-तीन सामने तिसऱ्या गेममध्ये लांबले की शेवटचे खेळाडू मध्यरात्री कोर्टावर उतरतात. म्हणून सुरुवातीला चार कोर्ट हवीतच.

बॅडमिंटन कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असतं. चार कोर्ट एका रांगेत लावली की रुंदी २४.४ मीटर. ३६ मीटरच्या हॉलमध्ये उरतात ११.६, आणि त्यांच्या पाच फटी पाडल्या तर प्रत्येक २.३२ मीटरची. कोर्टाभोवती किमान २ मीटर मोकळी जागा लागते, त्यामुळे कागदावर हे बसतं. प्रत्यक्षात त्याच फटीत एका कोर्टाच्या पंचांची उंच खुर्ची, दुसऱ्याचे सर्व्हिस जज आणि बाजूच्या रेषांचे लाइन जज येतात. खुर्च्यांच्या जागा आधी खडूने आखून बघायच्या. आयोजकांचा नकाशा बहुतेक वेळा नुसती कोर्ट दाखवतो, माणसं दाखवत नाही.

लांबीच्या बाजूला कोर्ट आणि दोन्ही टोकांची मोकळी जागा धरून १७.४ मीटर लागतात. उरलेल्या १६.६ मीटरमध्ये, म्हणजे रोजच्या कोर्टांची दुसरी रांग असते तिथे, भिंतीतून बाहेर ओढायच्या पायऱ्यांची आसनं येतात. त्यामुळे स्पर्धेच्या काळात मुख्य हॉलमधलं एकही कोर्ट लोकांना देता येत नाही. इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

घासाघीस करायची ती दोन ठिकाणी: उभारणीचे दिवस आणि छोटा हॉल.

उभारणी: पाच दिवसांऐवजी ५८ तास

आयोजकांनी उभारणीसाठी बुधवार ते रविवार मागितले आणि सोमवार खेळाडूंच्या सरावाला. तपशील मागितला की दिसतं, की बुधवार ते शुक्रवार काम फक्त दिवसपाळीत चालणार आहे आणि त्यातला बराच वेळ एका कंत्राटदाराने दुसऱ्याची वाट बघण्यात जाणार आहे. म्हणून ताबा शुक्रवारी रात्री ११ वाजता द्यायचा आणि सोमवारी सकाळी ९ ला खेळाडूंसाठी कोर्ट तयार हवीत, अशी अट घालायची. हे ५८ तास होतात. दोन पाळ्यांत काम पुरं होतं, पण क्रम चुकला तर होत नाही.

पहिल्या दोन तासांत नेट, पोल, हलके गोलपोस्ट आणि चटया बाहेर काढायच्या आणि त्यांची जागा आधीच ठरलेली असायला हवी. नाहीतर सगळं सामान मागच्या मार्गिकेत रचलं जातं, आणि ती मार्गिका म्हणजे आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता असतो. त्याच वेळी जमिनीचे फोटो काढायचे, आठही कोर्टांचे, प्रत्येक ओरखड्यासकट. दोन्ही बाजूंच्या सह्या त्या फोटोंवर.

मग जमीन झाकणं. ही पायरी सर्वांत जास्त वेळा घाईत उरकली जाते आणि नुकसानही इथेच सर्वांत मोठं होतं. हॉलची जमीन लाकडी, खाली लवचीक पट्ट्या असलेली. खेळाच्या जमिनींसाठीच्या ईएन १४९०४ या युरोपीय मानकात फिरत्या चाकाच्या भाराची चाचणी १५०० न्यूटनची आहे, म्हणजे चाकामागे साधारण दीडशे किलो. दिवे टांगायला येणारी सीझर लिफ्ट (माणसाला वर उचलणारं चाकांचं यंत्र) दोन टन वजनाची असेल तर चारही चाकांवर सारखा भार धरूनसुद्धा प्रत्येकी ५०० किलो होतात. तिप्पटीहून जास्त. लिफ्ट वळताना एका चाकावर याहूनही जास्त येतो. वरून काही दिसत नाही, पण खालची पट्टी चिरते. महिन्याभराने त्या जागी चेंडू मेल्यासारखा उसळतो आणि उडी मारणाऱ्याच्या घोट्याला त्याचा हिसका बसतो. उपाय म्हणजे १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे, आणि लिफ्टचा रस्ता रंगीत पट्टीने आखलेला. त्या रस्त्याबाहेर लिफ्ट जाणार नाही आणि यंत्राचं वजन कंत्राटदाराने आधी लेखी कळवायचं. दोन थर सगळ्याच यंत्रांना पुरत नाहीत. कळवलेलं वजन जड निघालं तर हलकी लिफ्ट मागवायची.

छतावरचं काम त्यानंतर. कोणत्या तुळईला कुठे किती किलो टांगता येतील याचा नकाशा इमारतीच्या अभियंत्याकडून आधी घेतलेला हवा. शनिवारी सकाळी तो शोधायला बसलं तर अर्धा दिवस जातो.

बॅडमिंटनचे दिवे कोर्टाच्या दोन्ही बाजूंना हवेत, बरोबर डोक्यावर नकोत. उंच शटलकडे बघताना डोळ्यात उजेड गेला तर खेळाडूला शटल दिसत नाही. मोठ्या स्पर्धेला हजार लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड लागतो, टीव्हीवर दाखवायची असेल तर आणखी बराच. कोर्टामागची भिंत फिकट असेल तर गडद कापड लावायचं आणि खिडक्या पूर्ण बंद करायच्या. पांढऱ्या पिसांचं शटल पांढऱ्या भिंतीत हरवतं.

वीज: टीव्हीच्या यंत्रांना स्वतंत्र जनरेटर. केबल आत आणायला दार उघडं ठेवणं हा नेहमीचा शॉर्टकट, आणि त्याने दोन गोष्टी एकदम बिघडतात. आगप्रतिबंधक दार निकामी होतं आणि हॉलमध्ये वारा शिरतो. केंद्राने एकदाच भिंतीतून कायमचा केबल-मार्ग पाडून घेतला तर हा प्रश्न पुन्हा येत नाही. केंद्र मोठ्या स्पर्धांसाठी नेमायचं असेल तर मी सर्वांत आधी याच कामाला पैसे घालीन.

कोर्टाच्या मॅट अगदी शेवटी, रविवारी संध्याकाळी, धूळ उडवणारं प्रत्येक काम संपल्यावर. गुंडाळलेल्या मॅट मात्र शनिवारीच हॉलमध्ये आणून ठेवायच्या. थंड गाडीतून आणलेली मॅट लगेच उलगडली तर ती हॉलच्या तापमानाला आल्यावर पसरते आणि मधोमध लाट उठते. लाट दाबून चिकटपट्टी मारली तरी दुसऱ्या दिवशी सांध्याशी कड वर येते. मॅटखालच्या चिकटपट्टीचा एक तुकडा आधी जमिनीच्या कोपऱ्यात चोवीस तास लावून, काढून बघायचा. काही पट्ट्या लाकडावरचा लेपच सोलून काढतात.

हवा

शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एवढ्या हलक्या वस्तूला वातानुकूलनाचा झोत पुरेसा ढकलतो. खेळाडू त्याला ड्रिफ्ट म्हणतात. रोजच्या वापरात कोणी तक्रार करत नाही, कारण हौशी खेळाडू टोकाच्या रेषेवर इतक्या अचूकपणे मारत नाही.

चाचणी नियमपुस्तकातलीच वापरायची. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने, बाजूच्या रेषेला समांतर आणि वरच्या दिशेने मारलेलं योग्य वेगाचं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडतं. एकाच माणसाने त्याच डब्यातली शटल दोन्ही टोकांकडून मारायची, प्रत्येक कोर्टावर दहा-दहा. एका बाजूने शटल सतत लांब आणि दुसऱ्या बाजूने आखूड पडली, तर हवा त्या दिशेने वाहते आहे. मग त्या बाजूच्या झडपा अर्ध्या बंद करायच्या, झोत छताकडे वळवायचे आणि चाचणी पुन्हा घ्यायची. प्रेक्षकांच्या दारांना आतबाहेर असे दोन पडदे लावून मध्ये छोटी खोली करायची, म्हणजे एक पडदा उघडला तरी दुसरा बंद राहतो.

रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेली हवा भरलेल्या हॉलमध्ये बदलते. माणसांच्या उष्णतेने हवा वर चढते आणि मग कोणीतरी वातानुकूलन वाढवतं. म्हणून नियंत्रणकक्षात एकच जबाबदार माणूस बसवायचा आणि बटणाला इतर कोणी हात लावायचा नाही. व्यायामशाळा आणि मुख्य हॉल एकाच यंत्रावर असतील, तर व्यायामशाळेत उकडतं म्हणून केलेला बदल कोर्टावरच्या शटलला लागतो. हे आधी तपासून घ्यायला हवं.

छोटा हॉल कसा सुटला

चौदा दिवस मागितलेला हा हॉल खरं तर सराव आणि वॉर्मअपपुरताच लागतो, आणि सामने कमी होत जातात तशी गरजही कमी होते. सोमवार ते शुक्रवार तिन्ही कोर्ट आयोजकांकडे: २४० कोर्ट-तास. शनिवारी उपांत्य फेरीत वीस खेळाडू-जोड्या उरतात, दोन कोर्ट पुरतात: ३२. रविवारी दहा उरतात, एक कोर्ट: १६. एकूण २८८. मूळ मागणी होती ६७२.

मुख्य हॉलचा ताबा आता शनिवारपासून पुढच्या पुढच्या सोमवारपर्यंत, म्हणजे दहा दिवस: १,२८०. दोन्ही मिळून १,५६८. लोकांना परत मिळाले ८९६ कोर्ट-तास, मूळ मागणीच्या ३६ टक्के.

गर्दीच्या तासांत हिशेब कमी बरा दिसतो. मुख्य हॉलचे ६४० आणि छोट्या हॉलचे १०२, म्हणजे १,०५६ ऐवजी ७४२. बचत ३० टक्क्यांच्या आसपास. कारण दोन्ही शनिवार-रविवार मुख्य हॉल जातोच. आंतरराष्ट्रीय वेळापत्रक सहसा मंगळवार ते रविवार असंच चालतं आणि उभारणी त्याआधीच्या सुट्टीत सरकवल्यामुळे कामाच्या दिवसांच्या संध्याकाळी वाचल्या, सुट्टी वाचली नाही. हे लपवू नये. सूचनाफलकावर दोन्ही आकडे लिहावेत.

आरक्षण कधी लावायचं

सर्वांत कडवट भांडणं तारखांवरून होतात, आणि ती पूर्णपणे टाळता येतात. अशा केंद्रात बुकिंगचे सहसा तीन थर असतात. क्लब आणि शाळांना वर्षाचं किंवा सहामाही वाटप, प्रशिक्षणवर्गांना तिमाही, आणि सामान्य माणसाला काही आठवडे आधी ऑनलाइन. स्पर्धेचं आरक्षण यातला सर्वांत लांबचा थर उघडण्यापूर्वी लागलं पाहिजे. वार्षिक वाटप झाल्यावर लावलं की दिलेला शब्द मोडावा लागतो, आणि ज्या क्लबने मुलांच्या पालकांना वेळापत्रक वाटून टाकलेलं असतं, त्याच्या रागाला काही उत्तर नसतं.

उलट बाजूचा धोकाही आहे. आयोजक 'तात्पुरतं' म्हणून तीन आठवडे अडवून ठेवतात, मग स्पर्धा दुसऱ्या शहरात जाते आणि केंद्र ऐन वेळी रिकामं पडतं. म्हणून तात्पुरत्या आरक्षणाला मुदत हवी. सहा महिने आधी करार आणि अनामत आली नाही, तर तारखा आपोआप खुल्या. याला अपवाद नको, अपवाद एकदा केला की मुदत कोणी पाळत नाही.

वर्षाची मर्यादाही लिहून ठेवावी. या केंद्रासाठी मुख्य हॉल वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त नाही आणि दोन मोठ्या स्पर्धांमध्ये किमान आठ आठवडे, अशी अट ठेवली आहे. उंच छत आणि आसनं असलेलं केंद्र परिसरात एकच असतं, म्हणून प्रत्येक संघटना त्याच्याकडेच येते. मर्यादा नसेल तर त्या एका वस्तीतले लोक सगळ्या शहराच्या स्पर्धांचा भार वाहत राहतात.

ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही

पर्यायी केंद्र दिलं की काम झालं, असं समजणं चूक आहे. दुहेरी खेळणारे चार मित्र दोन स्टेशनं पुढे जातील. गुरुवारी संध्याकाळी मुख्य हॉलमध्ये व्हीलचेअर बास्केटबॉल खेळणारा गट जाऊ शकणार नाही, कारण जवळच्या दुसऱ्या केंद्रात दहा व्हीलचेअर एकदम मावतील अशी कपडे बदलायची खोली नाही आणि खुर्च्या ठेवायला जागाही नाही. आणि त्यांचा बंद एका गुरुवारचा नसतो. खेळाच्या खुर्च्या मुख्य हॉलच्या भांडारात असतात, भांडार आयोजकांच्या कुंपणात जातं, आणि सामान परत जागेवर लागेपर्यंत दुसरा गुरुवारही धोक्यात येतो. या गटासाठी भांडार बदलून देणं, छोट्या हॉलमध्ये बास्केट असेल तर तिथली आधीची एक वेळ राखणं, आणि पर्यायी केंद्रापर्यंत खुर्च्यांची वाहतूक आयोजकांच्या खर्चात घालणं, हे तिन्ही करारात लिहायचं. सद्भावनेवर सोडलं की ते होत नाही.

सकाळी सातला येणाऱ्या ज्येष्ठांचा गटही असाच. ते ऑनलाइन सूचना बघत नाहीत. ९० दिवस, ३० दिवस आणि ७ दिवस आधी दाराशी कागद लावायचा, आणि गटप्रमुखाला काउंटरवरच्या माणसाने तोंडी सांगायचं.

तलावाचे सभासद तर स्पर्धेच्या हिशेबात नसतातच. पण खेळाडूंच्या उत्तेजक द्रव्य चाचणीसाठी बसायची जागा, नमुना घ्यायची खोली आणि लागून स्वच्छतागृह हवं असतं. हॉलजवळ अशी एकच जागा असते, आणि ती म्हणजे तलावाकडचं अपंगांसाठीचं स्वच्छतागृह. नकाशावर ते नुसतं 'खोली ४' म्हणून दिसतं आणि मंजूर होऊन जातं. तसंच स्पर्धेचं ओळखपत्र असलेल्यांनाच आत सोडणारं कुंपण तलावाच्या दारासमोरून गेलं की तलाव उघडा असूनही लोकांना आत जाता येत नाही. नकाशा मंजूर करण्यापूर्वी केंद्राच्या माणसाने दारापासून तलावापर्यंत, व्यायामशाळेपर्यंत आणि लिफ्टपर्यंत प्रत्यक्ष चालून बघायचं. मासिक पासवाल्यांची मुदत बंद दिवसांइतकी आपोआप वाढवायची, अर्ज मागायचा नाही.

परत ताबा

रविवारी संध्याकाळी बक्षीस समारंभानंतर सातला मोडणी सुरू होते आणि सोमवारी रात्री ११ ला संपायला हवी. २८ तास. काढण्याचा क्रम लावण्याच्या उलट: आधी मॅट, मग पुन्हा प्लायवूड, मग लिफ्ट आणि दिवे. दमलेले कामगार दुसऱ्यांदा प्लायवूड घालायचा कंटाळा करतात आणि उभारणीत जपलेली जमीन मोडणीत फुटते. म्हणून प्लायवूड हॉलबाहेर नेऊच द्यायचं नाही, आसनांच्या खाली रचून ठेवायचं.

सोमवारी रात्री दहाला पाहणी. शुक्रवारचे फोटो हातात घेऊन आठही कोर्टांवर चालायचं, अनवाणी, कारण चिकटपट्टीचा राहिलेला चिकटा आणि वर आलेली कड पायाला आधी कळते. पोलच्या खाचांमधली झाकणं मोजायची. नेट लावून मध्यभागी १.५२४ मीटर आणि पोलपाशी १.५५ मीटर उंची तपासायची. आगीच्या दोन्ही दारांचे अडसर आतून ढकलून बघायचे. खेळाच्या खुर्च्या भांडारात परत आल्या का ते मोजायचं, टायरमध्ये हवा आहे का तेही. मंगळवारी सकाळी सातची पहिली वेळ ज्येष्ठांच्या गटाची, आणि त्याआधी अर्धा तास जमीन पुसून सुकलेली हवी.